दुसऱ्याच्या नावावर

शाळेत पेपर येत असे एकच, आणि तो आम्हा बायकांच्या टेबलावर पोचेपर्यंत चुरगळून गेलेला असे. आधी हेडसर, मग खेळाचे सर, मग शिपाई, आणि मधल्या सुट्टीत आम्ही. त्या दिवशी मी डबा उघडून बसले होते. शेजारच्या बाईंनी पेपर पसरला आणि त्यावर लोणच्याची वाटी ठेवली. वाटीच्या कडेला एक फोटो होता. दाढी राखलेला, इस्त्रीची कॉलर, पासपोर्टावर असतो तसा सरळ बघणारा माणूस. मुंबईच्या विमानतळावर पकडला, स्फोटाच्या कटातला संशयित, आखातातल्या एका देशाच्या सरकारशी लागेबांधे, असं काही वर लिहिलं होतं.

मी वाटी उचलली. त्याची डावी भुवई मधोमध तुटलेली होती.

"हा तर आमच्या वर्गातला आहे," मी म्हणाले. "पण हे नाव नाही त्याचं."

हेडसर आत येत होते ते दारातच थांबले. खेळाचे सर म्हणाले, "बाई, नीट बघा. मुसलमानाचं नाव आहे हे."

"नाव वाचता येतंय मला. भुवई बघा तुम्ही."

त्याची दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही. त्यानं आणि त्याच्या घरच्यांनी दोन्ही नावांपायी पुरेसं भोगलं आहे.

माझं माहेर सेनगावकडच्या पुसेगावजवळचं. गावाला लागून ओढा, ओढ्यापलीकडे तांडा. तांड्यावरची दोन-चार मुलं ओढा ओलांडून आमच्या शाळेत येत, त्यातला हा एक. त्याच्या आज्याच्या काळात ते लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून कुठून कुठं जात, असं माझे वडील सांगत. आमच्या लहानपणी मात्र ते आमच्यासारखेच ज्वारी-कापूस करत. तरी आमच्या घरात तांड्यावरच्या माणसाला अंगणापर्यंत मान होता, ओसरीपर्यंत नव्हता. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा आम्हाला कुणाला वाटत नसे.

नववीत असताना शाळेच्या मैदानावर थाळीफेकीच्या सरावात एका मुलानं फेकलेली थाळी याच्या कपाळावर बसली. रक्त डोळ्यात उतरलं होतं, आणि हा त्याही अवस्थेत हेडमास्तरांच्या आवाजात ओरडला, "कोण तो बेशिस्त विद्यार्थी!" सगळी शाळा हसली, सरही हसले. भुवई जुळली ती मधे फट ठेवूनच.

आवाज आणि भाषा हा त्याचा खेळच होता. घरी त्यांची तांड्याची बोली, वर्गात पुस्तकातली मराठी, पोरांत गावची. पुसेगावच्या बाजारात बांगड्या विकणारे एक चाचा बसत. त्यांच्याशी तो असं दखनी बोलायचा की चाचा दर खेपेला फसायचे. "किसका बेटा रे तू? कौनसे मोहल्ले का?" हा मनाला येईल ते नाव सांगायचा. चाचांना खरं कळलं तेव्हा त्यांनी पोटभर हसून त्याला मूठभर शेंगदाणे दिले, आणि तेव्हापासून हा त्यांचा भाचा झाला.

दहावीनंतर तो गावातून गेला. रस्त्याच्या कामावर हैदराबादकडे गेला, तिथून आखातात गेला, असं कानावर आलं. पुढं माझं लग्न झालं, मी हिंगोलीला आले, शाळेत लागले. माहेरी गेले की ओढ्यापलीकडे पोपटी रंगाचं पक्कं घर दिसायचं. मधे एकदा येऊन तो लग्न करून गेल्याचं समजलं, बायको डोंगरकडा गावाकडची, मग मुलगी झाली. हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास तो एकदा एसटी स्टँडवर मला दिसला होता. उंची कपडे, मोठी बॅग. मी हात वर केला, त्यानं मान हलवली आणि गाडीत चढला. एवढंच.

स्टाफरूममधलं माझं वाक्य संध्याकाळच्या आत गावभर झालं. माझे मिस्टर बँकेत. त्यांना ते काउंटरवर उभ्या असलेल्या माणसानं सांगितलं.

"तुला बोलायची काय गरज होती?" घरी येताच त्यांनी विचारलं.

"ओळखीचा चेहरा दिसला. तोंडून निघालं."

"खोटं बोल असं मी म्हणत नाही. विचारलं तर सांगायचं असतं. कुणी विचारलंय का तुला?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "आता विचारतील."

विचारायला आलेच. बाहेरून आलेले दोन अधिकारी, साध्या कपड्यांतले, आणि सोबत रस्ता दाखवायला इथला एक जमादार. हेडसरांच्या खोलीत मला बसवलं. थोरला अधिकारी शांत होता, धाकटा सारखा पेनाचं टोपण काढी आणि लावी.

"त्याला उर्दू वाचता यायचं?"

"बोलता यायचं. वाचताना कधी पाहिलं नाही."

"अरबी?"

"आमच्या शाळेत संस्कृतसुद्धा नव्हतं, साहेब."

"सरकारविरुद्ध काही बोलायचा?"

"पंधरा वर्षांचा होता तो. आम्ही सगळेच गणिताच्या सरांविरुद्ध बोलायचो."

थोरला जरासा हसला. धाकटा हसला नाही. त्यानं टेबलावर पुढं झुकून मला सांगितलं की या माणसाच्या खिशात त्या देशाच्या सरकारचं ओळखपत्र सापडलंय, त्यावर लष्कराची मुद्रा आहे. पासपोर्टावर तिसऱ्याच एका देशाचे शिक्के आहेत, जिथं मजूर माणूस जातच नाही. आणि ज्या नावाचा पासपोर्ट आहे त्या नावाच्या माणसाला आम्ही कितीतरी दिवस शोधतोय.

"आता तुम्ही म्हणता हा तो नाहीच. मग हा कोण? स्वतःचं नाव लपवून परक्या सरकारची चाकरी कोण करतं, मॅडम? का करतं?"

मला वाटलं होतं, हा अमक्याचा मुलगा, तमक्या तांड्यावरचा, एवढं सांगितलं की गाठ सुटेल. खोलीतून बाहेर आले तेव्हा ती माझ्याच हातानं आणखी आवळली गेल्यासारखं वाटत होतं. पुढचा तास आशिया खंडाचा होता. नकाशावर छडी फिरवताना ती आखाताच्या निळ्या पट्टीपाशी अडली. मुली वाट बघत होत्या. शेवटी एकीनं विचारलं, "बाई, तिथं काय हाय?"

"पाणी," मी म्हणाले, आणि पुढं गेले.

त्या रविवारी मी माहेरी गेले. वडिलांनी आधीच बजावलं, "तांड्यावर जाऊ नको. आपल्या दारात गाड्या नकोत." मी गेले नाही. पण मी आल्याचं तिकडं कळलं होतं. उन्हं कलायच्या आधीच त्याची आई अंगणात येऊन उभी राहिली. त्यांच्याकडं आईला याडी म्हणतात, आणि आम्ही शाळेतली पोरंही तिला तेच म्हणत असू. काचांची चोळी, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. मागं त्याचा धाकटा भाऊ.

"लेकी," ती म्हणाली, "तू पेपरात बघितलं म्हणं. लोकं काय काय सांगून राहिली. नाव दुसरंच सांगून राहिली. माझंच लेकरू हाय का त्ये?"

मी वडिलांकडं पाहिलं नाही. "व्हय, याडी. त्योच हाय."

"नीट बघितलं तू?"

"भुवई बघितली."

तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. मला वाटलं आता ती ओरडेल. पण ती म्हणाली, "मंग जिता हाय. जिता हाय म्हण की माझा!" आणि खाली बसली ती आमच्या ओसरीच्या कडेवर. तो गावी येणार म्हणून ते वाट बघत होते. तो आला नाही, फोन आला नाही. तिकडं फोन केला तर इथून केव्हाच निघाला म्हणाले. विमानातून पडला, कुणी मारला, समुद्रात टाकला, अशा शंका घेऊन ती म्हातारी जगत होती. पोलिसांनी धरलाय ही तिला मिळालेली पहिली चांगली बातमी होती. माझी आई आत गेली आणि चहा घेऊन आली. वडिलांनी तिला ओसरीवरून उठवलं नाही.

भावानं सगळं सांगितलं ते खाली मान घालून. हैदराबादच्या एजंटानं पैसे घेतले आणि पासपोर्ट काही येईना. मग एक दिवस एजंट म्हणाला, एक पासपोर्ट तयार आहे, व्हिसा लागलेला आहे, फोटो तेवढा तुझा लावू.

"त्यो म्हणला, एक साल ह्या नावानं राहीन, मंग आपल्या नावाचं करून घेईन. साल निघून गेलं, ताई. मंग आणखीन एक. तिथं त्याला समदे त्याच नावानं वळखाय लागले. बदलणार कसं?"

पुसेगावच्या एसटीडी बूथवरून फोन लावला की तिकडच्या माणसाला ते दुसरं नाव सांगावं लागायचं. याडीला ते नाव कधी धड उच्चारता आलं नाही. ती फोनमध्ये ओरडायची, "माझ्या लेकराला बलवा!" आणि तिकडचा माणूस हसून त्याला बोलावून आणायचा.

पुढचे महिने सगळ्यांनाच जड गेले. पेपरवाले आले, पोपटी घराचे फोटो काढून गेले. त्यानं धर्म बदलला म्हणून कुणी म्हणे, बदलला नाही, बदलल्याचं सोंग करून घुसला म्हणून कुणी म्हणे. गावातल्या काही जणांनी सोयाबीन काढायला तांड्यावरची माणसं बोलावली नाहीत, लांबून आणली. बायकोचे वडील येऊन तिला आणि मुलीला डोंगरकड्याला घेऊन गेले. आणि बाजारातल्या चाचांना पोलिसांनी उचललं. कुणीतरी सांगितलं होतं की हा लहानपणापासून त्यांच्याकडं जायचा. दोन-तीन दिवसांनी सोडलं त्यांना. नंतर मला ते हिंगोलीत भेटले, एका दुकानाच्या पायरीवर बसलेले.

"बाई, लेकराला शेंगा दिल्या मी," ते म्हणाले. "साहेब विचारतो, उसको क्या सिखाया? मी काय शिकवणार? त्योच मला हसवायचा."

"आता बाजाराला जाता का, चाचा?"

"न्हाई. पोरं जाऊ देत न्हाईत."

चाचांचं नाव मी कुणाला सांगितलं नव्हतं. तरी एका फोटोवर बोट ठेवलं आणि कुठली कुठली दारं उघडली गेली होती. मी नसते बोलले तर? तर तो त्या दुसऱ्या नावानं आत राहिला असता, आणि याडी त्याला समुद्रात शोधत बसली असती. या दोन विचारांत मी त्या वर्षी येरझाऱ्या घालत राहिले. भाकरी थापताना, वह्या तपासताना, कुणाशी बोलताना मधेच थांबायचे. मिस्टर विचारायचे, "पुन्हा तेच का?" मी नाही म्हणायचे, आणि त्यांना ते कळायचं.

परभणीकडच्या एका वयस्क वकिलांनी त्याचं काम घेतलं, मुंबईतल्या आपल्या एका ओळखीच्या वकिलाला धरून. त्यांनी मला साक्षीला येण्याची विनंती केली. घरात पुन्हा वाद झाला. सासूबाईच शेवटी म्हणाल्या, "एकदा बोलली ती. आता अर्ध्यात गप्प बसली तर लोक काय म्हणतील?" मिस्टर सोबत आले. रेल्वेत ते खिडकीकडं तोंड करून बसले होते, पण पाण्याची बाटली दर स्टेशनला तेच भरून आणत होते.

कोर्टात मी त्याला पाहिलं. दाढी काढलेली, गाल आत गेलेले. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली वळवली. तोवर त्या देशाच्या वकिलातीकडून उत्तर आलं होतं, की असा कुणी माणूस आमच्या सरकारच्या नोकरीत नाही. सरकारी वकील ते पुन्हापुन्हा सांगत होते. ओळखपत्र त्यांचं, मुद्रा त्यांची, आणि ते म्हणतात आमचा नाही. हे संशयाला बळ देणारं नाही का?

माझी साक्ष लहान होती. शाळा, गाव, तांडा, थाळी, भुवई. मग सरकारी वकील उठले. आवाज अगदी मऊ होता त्यांचा.

"बाई, पंधरा-सोळा वर्षांचा जो मुलगा तुम्ही ओळखत होता, तो आणि हा एकच, एवढंच तुमचं म्हणणं?"

"हो."

"त्यानंतर तो कुठं होता, कुणाबरोबर होता, काय करत होता, हे तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

"त्या वर्षांत तो काय झाला हेही सांगता येणार नाही."

आरोपीच्या पिंजऱ्यातून तो माझ्याकडं बघत होता. "नाही," मी म्हणाले, "मधल्या वर्षांचं मला काही माहीत नाही."

हे उत्तर खरं होतं, आणि ते देऊन मी खाली उतरले.

सुटका माझ्या साक्षीनं झाली नाही. पोलिसांना जो हवा होता तो माणूस ज्या घरात भाड्यानं राहिला होता त्या घराच्या मालकाला कोर्टात आणलं होतं. त्यानं याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, "हा तो नव्हे. तो उंच होता, आणि एका पायानं जरा लंगडायचा." आणखी एका साक्षीदारानंही तेच सांगितलं. पुढं त्या देशाकडून दुसरं उत्तर आलं. हा माणूस ठेकेदाराकडं मजूर होता, लष्कराला दूध पुरवणाऱ्या सरकारी गोठ्यावर उंट राखायला. म्हणून ओळखपत्रावर ती मुद्रा. उंट खरेदी करून आणायला त्याला शेजारच्या देशात पाठवलं जायचं, म्हणून ते शिक्के. कटाच्या आरोपातून तो सुटला. खोट्या पासपोर्टाबद्दल शिक्षा झाली, ती तोवर भोगून झाली होती. ज्याच्या नावाचा तो पासपोर्ट होता तो माणूस मात्र कुणाला सापडला नाही.

तो परत आला तेव्हा तांड्यावर हलगी वाजली, असं आई म्हणाली. बायको लगेच आली नाही. वर्षभरानं आली, मुलीला शाळेत घालायची वेळ झाली तेव्हा. पोपटी घराचा रंग तोवर उडून गेला होता.

त्याच्याशी बोलणं झालं ते त्यानंतरच्या पोळ्याला. पोळ्याच्या आदला, खांदेमळणीचा दिवस होता. गावातले आणि तांड्यावरचे बैल एकाच ओढ्यात धुवायला आणतात. मी माझ्या भावाच्या मुलांना घेऊन गेले होते. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून एका पांढऱ्या बैलाची पाठ घासत होता. मला बघून तो काठावर आला, हात धोतराला पुसले.

"बाई, बरं हाय ना समदं?"

"बरं आहे. तुझं?"

"चालू हाय."

पोरं पाण्यात गेली. आम्ही दोघं एका खडकापाशी उभे होतो, चारचौघांच्या नजरेत, मधे हातभर अंतर ठेवून. मी जे विचारायचं नाही असं ठरवून आले होते तेच विचारलं.

"ज्याचं नाव होतं तो कोण होता, तुला माहीत होतं का?"

"न्हाई. मेलेल्या माणसाचा पासपोर्ट आसंल आसं वाटायचं मला. मेलेल्याचं नाव वापरलं तर त्याची काय तकलीफ? आसं म्या समजून घेतलं." तो बैलाकडं बघत होता. "त्यो जिता निघाला."

मी पोरांना हाक मारणार एवढ्यात तो म्हणाला, "एक गोष्ट कुणी बराबर विचारलीच न्हाई मला."

"कुठली?"

"त्या सरकारसाठी काय काम करायचास, आसं विचारायचे. मारायचे आन् विचारायचे. म्या सांगायचो, उंटं राखायचो. ते खरं हाय. पण उंटाशिवाय बी एक काम व्हतं."

गोठा लष्कराच्या तळाला लागून होता. तिथला एक सुरक्षेचा अधिकारी त्याला आठवड्यातून एकदा बोलवायचा. खुर्ची द्यायचा, चहा द्यायचा. अधिकाऱ्याला पहिल्याच भेटीत कळलं होतं की पासपोर्ट याचा नाही. तसं त्यानं हसून सांगितलं, आणि मग म्हणाला, तुला इतक्या भाषा येतात, मजुरांच्या खोल्यांत कोण काय बोलतं ते मला सांगत जा.

"म्हणजे चुगल्या?"

"व्हय. हिंदी यायची, तेलुगू कळायचं, आपलं मराठी व्हतंच. कोण राजाला शिव्या देतो, कोण पगारासाठी लोकं गोळा करून राहिला, आसलं. न्हाई म्हणलं तर जेल. आधी म्या बारीक बारीक सांगायचो. खोटं बी सांगायचो. मंग त्याला खरं-खोटं कळाय लागलं."

"आणि?"

"लोकं परत धाडायचे. सकाळी उठलं की एखादी खाट रिकामी." त्यानं ओल्या हातानं तोंड पुसलं. "करीमनगरकडला एक व्हता. आमी एका ताटात जेवायचो. पगार मागायला त्यानं समद्यांच्या सह्या घेतल्या. म्या सांगितलं त्याचं नाव. दुसऱ्या दिशी त्यो न्हाई. घरी धाडला का काय केलं, मला आजून ठाऊक न्हाई, बाई."

पाण्यात पोरं बैलाच्या शिंगांवर पाणी उडवत होती. कुणीतरी त्यांना ओरडलं.

"पोलिसांना हे सांगितलंस?"

"न्हाई. त्यांना बाँब पायजे व्हता. ह्ये सांगितलं आसतं तर त्यांनी ह्याचाच बाँब केला आसता."

"मग मला काहून सांगून राहिला?" नकळत मीही गावचं बोलले.

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. "तुमी कोर्टात म्हणल्या ना, मधल्या वर्षांचं मला काही माहीत न्हाई. ते माझ्या डोक्यात बसलं. याडीला सांगता येत न्हाई. बायकोला सांगितलं तर ती पुन्हा जाईल. म्हणलं, कुणाला तरी ठाऊक आसावं."

त्याच्या मुलीनं काठावरून हाक मारली. तो गेला. बैलाच्या पाठीवर त्यानं हात टेकला आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला, बैलालाच.

मी हे घरी सांगितलं नाही. मिस्टरांनी पोळ्याचं विचारलं तर मी पुरणपोळीचं सांगितलं. पण त्यानंतर माझं मन आधीपेक्षा जास्त अस्वस्थ झालं. आधी मला त्याच्याबद्दल शंका होती तेव्हा तो सुटावा असं वाटायचं. आता तो सुटला होता, निर्दोष होता, कटात नव्हता, आणि करीमनगरकडच्या कुणा घरात एखादी बाई फोनपाशी बसून अजून वाट बघत असेल हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. परक्या सरकारशी लागेबांधे, असं पेपरात छापलं होतं. छापणाऱ्याला जे म्हणायचं होतं ते खोटं होतं. पण तो शब्द वाचला की मला खुर्ची दिसायची आणि चहाचा कप. जो माणूस याडीला जिता मिळाला आणि ज्यानं ती खाट रिकामी केली, त्या दोघांना मी एकाच चेहऱ्यात बसवायला बघत होते. नववीतला मुलगा मधेच येऊन हेडमास्तरांच्या आवाजात बोलायचा आणि सगळं विस्कटून टाकायचा.

तो पुढं शेतीच करत राहिला. दोन म्हशी घेतल्या. सिद्धेश्वर धरणाचं पाणी येतं त्या पट्ट्यात कुणाचं तरी शेत बटईनं केलं, एक-दोन वर्षं बरी गेली. मुलगी हुशार निघाली. करीमनगरच्या माणसाला शोधायचा त्यानं प्रयत्न केला, एकदा तिकडं जाऊनही आला. नुसतं नाव घेऊन गेला होता, आणि तेही खरं होतं की आणखी कुणाचं, हे त्याला माहीत नव्हतं. रिकाम्या हातानं परत आला. हे मला त्याच्या भावानं सांगितलं, कशासाठी गेला होता ते भावाला माहीत नव्हतं.

देशात कुठंही स्फोट झाला की सेनगावच्या ठाण्यातून त्याला बोलावणं यायचं. कोर्टानं सोडलं होतं, तरी यायचं. कुठं होतास, कुणाचा फोन आला, बाहेरचं कुणी भेटलं का. दिवसभर बसवून सोडून द्यायचे. तांड्यावर जीप आली की बायका घरात जायच्या, मुलगी शाळेला जायला तयार नसायची. टीव्हीवर तसली बातमी आली की मीही हातातलं काम टाकून बसायचे. मेलेल्यांचे आकडे सांगत असायचे, आणि त्यांच्यासाठी वाईट वाटायच्या आधी माझ्या मनात जीप यायची. याची मला लाज वाटायची, पण ते तसंच व्हायचं.

अशाच एका बातमीच्या दुसऱ्या दिवशी मी सेनगावला एका नातेवाइकांकडं गेले होते. परत यायला स्टँडवर उभी होते. तांड्याकडून येणारी गाडी लागली आणि तो उतरला. धुतलेला शर्ट, केस विंचरलेले, हातात डबा.

"बोलावलं का रे?" मी विचारलं.

"न्हाई आजून."

"मग?"

"बोलावतीलच. त्यांची जीप तांड्यावर येण्यापरीस आपणच जाऊन बसलेलं बरं. पोरीची परीक्षा हाय." त्यानं डबा दुसऱ्या हातात घेतला. "जमादार बी आता वळखीचा झाला. पंख्याखाली बसू देतो."

माझी हिंगोलीची गाडी लागली. कंडक्टरनं घंटा मारली तशी मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. तो रस्ता ओलांडून ठाण्याच्या बाजूला वळला. फाटकापाशी उभ्या शिपायानं त्याला काहीतरी विचारलं असावं, कारण तो थांबला, वाकून उत्तर दिलं आणि आत गेला.